आठवी खोली

शनिवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांचं कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान आहे. दहा वर्षांची ओळख, पण नाव मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पाटी आहे : 'हात लावू नये. आत माणसं आहेत.'

आज पोरं ज्या ठोकळ्यांच्या ऑनलाइन खेळाला चिकटलेली असतात, त्याची पहिली, कच्ची आवृत्ती त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तेव्हा ती तपासायला सातच जण होते, त्यातले हे एक. प्रत्येकाचा ठोकळ्यांचा एक माणूस आत उभा. पुढे चाचणी संपली, पण यांनी ही प्रत जपली. नेटची वायर केव्हाच काढली. तरी रोज सकाळी ते आत चार विटा रचतात.

काल मी सहज माणसं मोजली.

"अहो, ही तर आठ आहेत!"

"म्हणून तर खोली वाढवतोय," ते शांतपणे म्हणाले. "आलेल्याला कोण, कुठला विचारू नये."

एक वाजला. दुकान बंद करताना ते रोजच्यासारखे पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, "येतो हं."

सात जण ढिम्म उभे होते. आठव्याने हात केला. त्यांना नव्हे, मला.