‘ने’ म्हणजे ऐकतोय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इचलकरंजीत मागावर होते, आई कांड्या भरायची, आणि मी सिव्हिल इंजिनियर होऊन आखातात, अल ऐनच्या उन्हात हेल्मेट घालून काँक्रीट तपासत उभी असायचे. हे मी मिरवते, कारण मिरवण्यासारखंच आहे.

दोन हजार दोनचा उन्हाळा. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम एका कोरियन कंपनीकडे होतं आणि काँक्रीटच्या दर्जाची जबाबदारी माझ्याकडे. गाडीतला माल गरम लागला की मी गाडी परत पाठवायचे. ड्रायव्हर गयावया करायचे, ‘मॅडम, इस बार माफ कर दो.’ मी म्हणायचे, खलास, वापस. साइटवर बाई एकटी मीच, पण माझ्या ‘वापस’पुढे कुणाचं चालत नसे.

कामावरचे मुकादम आपल्या राजापूरचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला ताई. काँक्रीटचा पंप चालवायला पेशावरकडचा एक पठाण होता. त्या दिवसांत भारत-पाकिस्तानच्या फौजा सीमेवर समोरासमोर उभ्या होत्या, आणि मला बाजी, म्हणजे ताई, म्हणणारा हा पठाण रोज सकाळी पंपावर चढताना विचारायचा, “बाजी, आज लड़ना है या काम करना है?”

“पहले काम,” मी म्हणायचे. “लड़ाई छुट्टी के दिन.”

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर कोरियन. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं, इंग्रजी तोडकंमोडकं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. मोठा स्लॅब किंवा पाया भरायचा असला की पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत पंपाशेजारी उभं राहायचं, हा त्यांचा नियम. जेवायलासुद्धा हलत नसत.

मी नवीन असताना एक गंमत झाली होती. ऑफिसच्या दाराशी गार पाण्याचा नवा कूलर आला होता. काकांनी केबिनमध्ये डोकावून विचारलं, “सर, ये कूलर लेबर की तरफ ले जाऊँ?” सर फोनवर होते, कंपनीच्या हेड ऑफिसशी बोलत होते. म्हणाले, “ने. ने. ने.” काकांनी दोन माणसं बोलावली आणि कूलर नेला.

थोड्या वेळाने सर पाण्याची बाटली हातात घेऊन भिंतीकडे बघत उभे. काका ठामपणे म्हणाले, “अहो, तुम्हीच सांगितलंत, ने म्हणून. तेही मराठीत. चांगलं तीनदा.”

भांडण मिटवायला मला बोलावलं. ‘ने’चा मराठीत काय अर्थ होतो ते मी सरांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, कोरियन भाषेत ‘ने’ म्हणजे हो. पण दर वेळी हो असतंच असं नाही. बरेचदा नुसतं, बोला, मी ऐकतोय. मी काकांना सांगितलं, आपलं ‘हं’ असतं ना, तसं. सर म्हणाले, कूलर तिकडेच राहू दे, तिथं माणसं जास्त आहेत.

काकांचं मात्र शेवटपर्यंत एकच म्हणणं. “हंबिंबं काही नाही ताई. माणूस मराठी बोलला.”

सरांचा मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत होता. कॉलेज मध्येच थांबवून नौदलात गेला होता, पश्चिमेच्या समुद्रात गस्त घालणाऱ्या लहान बोटींवर. मी सरळ विचारलं, ओळख लावून सोडवून घेता आलं नसतं? ते म्हणाले, सगळ्यांचे मुलगे जातात, माझाही गेला.

उत्तर कोरियातल्या राजवटीबद्दल मी पेपरात वाचलेलं तेवढंच. सरांनी जेवणाच्या डब्याच्या झाकणावर बोटाने रेघ ओढून दाखवली. समुद्रात अशी एक रेघ आहे, ती त्यांना मान्य नाही. खेकड्यांचा हंगाम आला की त्यांच्या मासेमारीच्या बोटी रेघ ओलांडतात, पाठोपाठ नौदलाच्या बोटी. आमच्या बोटी जाऊन त्यांना मागे वळायला सांगतात. कधी वळतात, कधी नाही.

“आमच्या गल्लीत असं एक घर होतं,” मी म्हटलं. “कुणाकडे जाणं नाही, कुणाला घरात घेणं नाही, आणि अधूनमधून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर दगड.”

सरांनी विचार केला. म्हणाले, “त्या घरात माझी मावशी आहे. आई वारली, पण शेवटपर्यंत बहिणीचं काही कळलं नाही तिला.” आणि डबा बंद केला.

जूनच्या शेवटी एका शनिवारी आम्ही पायाचं मोठं काँक्रीट भरायला घेतलं. उजाडायच्या सुमारास पहिली गाडी लागली. काम रंगात आलं होतं, तेवढ्यात ऑफिसातला एक कोरियन इंजिनियर पळत आला आणि सरांशी हलक्या आवाजात काही बोलला. सरांनी मान हलवली, त्याला परत पाठवलं आणि पंपाच्या पाइपाकडे बघत उभे राहिले.

तो इंजिनियर माझ्याजवळून जाताना मी त्याला अडवलं. त्याने सांगितलं, समुद्रात गोळीबार झाला. उत्तरेच्या बोटीने आमच्या गस्तीच्या बोटीवर तोफ डागली. माणसं मेलीत. बोट कुठली, ते घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी सरांकडे गेले. “सर, तुम्ही केबिनमध्ये जा. फोनजवळ बसा. इथं मी आहे.”

“मोबाइल आहे,” ते म्हणाले. “बायको बंदरावरच्या ऑफिसात फोन लावतेय. कळलं की सांगेल.”

“इथं पंपाच्या आवाजात काय ऐकू येणार?”

“काँक्रीट चालू आहे.”

“काँक्रीट मला कळतं, सर. त्यासाठीच पगार घेते.”

ते हलले नाहीत. म्हणाले, केबिनमध्ये बसलो तर नुसता बसेन. खरंच होतं ते.

काकांना आणि पठाणाला मी काय झालंय ते सांगून ठेवलं. पठाण पंपावरून सरांकडे एकटक बघत होता. काका मजुरांवर ओरडायचे थांबले, आणि मुकादम ओरडत नाही म्हटल्यावर मजूरही गप्प झाले. तरी आवाज काही कमी नव्हता. पंप धडधडत होता, माल हलवून बसवणारे व्हायब्रेटर गुरगुरत होते, गाड्यांचे ड्रम फिरत होते. सर एकदा मोबाइल कानाला लावून बघत, एकदा खिशावर हात ठेवत, वाजला तर थरथर तरी कळावी म्हणून.

नऊच्या पुढे कधीतरी तो वाजला. सर मोठ्याने काहीतरी बोलले, मग दुसऱ्या कानावर हात दाबला, मग वाकले. चेहऱ्यावरून दिसत होतं, एक अक्षर ऐकू येत नाहीये. पळत लांब जावं तर खाली सगळी सळ्यांची जाळी, पाय अडकतो.

मी हात वर केला आणि पठाणाला खूण केली. बंद.

उन्हाळ्यात भरणं मध्येच थांबवायचं नसतं. आधीचा माल घट्ट झाला की नव्याशी सांधत नाही, जोड कच्चा राहतो. हे मीच सगळ्यांना ओरडून सांगायचे. पण किती वेळ चालतं आणि किती वेळ चालत नाही, हेही मला माहीत होतं. ते माहीत असण्यासाठीच मी शिकले होते. पठाणाने एका शब्दाने विचारलं नाही, पंप बंद केला. काकांनी व्हायब्रेटर थांबवले. गाडीवाल्यालाही ड्रम हळू करायला लावला.

एवढ्या मोठ्या साइटवर फक्त सरांचा आवाज राहिला.

“ने,” ते म्हणाले. “ने. ने.”

काका माझ्या कानाशी आले. “हो म्हणतायत, ताई. म्हणजे चांगलंच असणार.”

“हो नव्हे, काका. ऐकतायत नुसते.”

“ने… ने…”

त्यांची पाठ आमच्याकडे होती. पठाणाचे ओठ हलत होते. माझ्याही मनात काहीतरी चाललं होतं, पण ते प्रार्थनेसारखं नव्हतं; मी काँक्रीटकडे बघत होते आणि मनातल्या मनात त्याला म्हणत होते, थांब जरा, घट्ट होऊ नकोस.

सरांनी फोन खिशात ठेवला. वळले. चेहरा पार धुतल्यासारखा. “त्याची बोट दुसरी,” ते म्हणाले. “तो ठीक आहे.” मग म्हणाले, “दुसऱ्यांची मुलं गेली.”

काकांनी कपाळाला हात लावला. पठाण म्हणाला, “शुक्र है.” सरांनी पंपाकडे बोट केलं, आणि मी पठाणाला म्हटलं, “यल्ला, शुरू करो.”

दुपारी सल्लागार कंपनीच्या इन्स्पेक्टरने विचारलं, पंप मध्ये का बंद होता? मी सांगितलं, मी बंद केला, माल ताजा होता, हवं तर तिथं भोक पाडून कोअर, म्हणजे काँक्रीटचा नमुना, काढून तपासा. पुढे त्याने खरंच तपासलं. जोड चोख निघाला.

त्याच दुपारी फुटबॉलच्या वर्ल्ड कपची तिसऱ्या नंबरची मॅच होती, कोरिया आणि तुर्कस्तानची, तीही कोरियातच. मेसमधल्या टीव्हीसमोर सगळी साइट गोळा झाली. कोरियन मंडळी लाल शर्ट घालून आली, पण नेहमीसारखा दंगा नव्हता. सर आले नाहीत. भरलेल्या काँक्रीटवर ओली पोती टाकून घेत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते मेसमध्ये आमच्या टेबलाशी आले. “काल मॅच कुणी पाहिली?”

मुलाला रात्री थोडा वेळ फोन मिळाला होता. सर म्हणाले, गोळीबाराबद्दल तो बोललाच नाही, बोलायची परवानगीही नाही. जेवलो म्हणाला. झोपलो म्हणाला, ते खोटं असावं. मग विचारलं, बाबा, मॅच कशी झाली? त्यांच्या बोटीवर कुणीच पाहिली नव्हती, सगळे डेकवर उभे होते. आज संध्याकाळी त्याला पुन्हा फोन मिळणार होता.

“सर, हरलो आपण,” मी सांगितलं. “तीन-दोन.”

“ते त्याला माहीत आहे. गोल कसे झाले ते हवंय.”

काकांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण त्यांनी लगेच ताबा घेतला. लोणच्याची बाटली एका टोकाला ठेवली, मिठाची दुसऱ्या. “सर, ऐका. शिट्टी वाजली. मी खुर्ची ओढतोय. बसलोही नाही, आणि तुर्कांचा गोल.”

“बॉल कुणाच्या पायात होता?”

“आपल्याच. त्याने हरवला.”

“कसा हरवला?”

काका अडकले. लिंबाची फोड इकडून तिकडे सरकवून बघितली, जमेना. पठाण म्हणाला, “हटो चाचा,” आणि बाकावरून उठला. दोन टेबलांमधल्या जागेत उभा राहिला, एकदा कोरियाचा झाला, मग तुर्कस्तानचा झाला, स्वतःच्याच पायातून बॉल काढून घेतला आणि भिंतीवर लाथ हाणली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

सर खुर्ची पुढे ओढून बसले. “वन्स मोर,” म्हणाले. “सावकाश.”