पाठ वाचवायच्या नादात

बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या एमआरआयची फिल्म दिव्यावर लावली, मानेच्या जागी पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही चालत आलात?"

मी म्हटलं, चालतच आले, तेही जिन्यानं. लिफ्टपाशी गर्दी होती.

"आता जाताना लिफ्टनं जा," ते म्हणाले, "आणि कुणाचा धक्का लागणार नाही असं बघा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते, तिला डिस्क म्हणतात. माझी पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली डिस्क फुटून मागं सरकली होती आणि मज्जारज्जू चेपत होती. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडं जाणारी मुख्य केबल. ती चेपली की हात बधिर होतात, पाय अडखळतात. या दुखण्याला सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. ऑपरेशन याच आठवड्यात करायला हवं, नाहीतर एखादा जोराचा हिसका बसला तर मी पलंगावरच राहीन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शेजारी माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी एकच विचारलं, "आन् कुस्ती?"

डॉक्टर म्हणाले, आधी चमचा नीट धरता येऊ दे. मला आबांचा राग आला. खरं तर माझ्याही मनात तेवढाच प्रश्न होता. त्यांनी तो माझ्याआधी विचारला, म्हणून राग.

मी इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याची. जपानमध्ये बायकांच्या प्रोफेशनल कुस्त्या होतात, तिकीट काढून लोक बघायला येतात, त्यात मी पोटापाण्यासाठी लढते. गावात कुणी म्हणतं मी सर्कशीत आहे, कुणी म्हणतं सिनेमात. ज्यांना थोडं कळतं ते म्हणतात, नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात पळसदेवच्या एक मावशी भेटल्या. त्यांचे मालक मासेमारी करताना होडीत घसरून पडले होते, त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं. माझी सगळी कहाणी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग खोट्या कुस्तीत खरी मान कशी मोडली गं?"

मी हसले तर मानेत कळ आली. म्हटलं, मावशी, जिंकणार कोण हे ठरलेलं असतं, पण रिंगणाच्या गादीखाली फळ्या आणि लोखंड असतं, ते कुणी ठरवून मऊ करत नाही.

मान कशी मोडली ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मला कुस्ती आबांनी शिकवली. गावच्या तालमीत पोरींना घेईनात, तर त्यांनी उसाच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकलं आणि त्यात लाल माती टाकली. आपल्या कुस्तीचा कायदा लहान पोरालाही माहीत असतो. पाठ टेकली की हरलात. आबा मला पाडायचे आणि मी हवेतच वळून पोटावर यायचे. वळले नाही तर वीस बैठका. मांजर जशी पायावर पडते तशी माझी पोर पडती, असं ते पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

पुढं मी मातीतून गादीवरच्या कुस्तीत आले आणि एका सराव शिबिरात हारुकोची ओळख झाली. ती जपानची, माझ्यासारखीच गादीवरची कुस्ती खेळणारी. नंतर ती प्रोफेशनल झाली, नाव कमावलं, चॅम्पियनचा पट्टा मिळवला, आणि तिनंच मला तिकडं बोलावलं. तिथं नवीन पोरींना आधी रिंगण पुसावं लागतं, मोठ्या पैलवान बायकांचे कपडे धुवावे लागतात आणि कित्येक महिने फक्त पडायला शिकावं लागतं. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, नजर बेंबीवर ठेवायची, दोन्ही हात जमिनीवर आपटायचे आणि सपशेल पाठीवर पडायचं. जन्मभर जी पाठ जपली तीच रोज शेकडो वेळा आपटायची! पहिल्या आठवड्यात मी रडले. पण शिकले. पुढं माझं बरं चाललं. मी रिंगणात यायचे तेव्हा स्पीकरवर हलगी वाजायची, लोक लाल कागदी फिती उधळायचे आणि आजीच्या वयाच्या बाया माझं नाव घेऊन ओरडायच्या.

आबांनी यातलं काही कधी बघितलं नाही. पैसे घेऊन पाठ टेकायची असली कुस्ती मला दावू नका, असं आईला बजावलं होतं. मी फोन केला की ते पाऊसपाणी विचारायचे.

हारुकोशी पट्ट्याची लढत होती त्या दिवशी रिंगणात जायच्या तोंडावर आईचा मेसेज आला. आबा बघत्यात. तांब्याला फोन टेकवून बसल्यात.

लढतीत हारुकोनं मागून कमरेला विळखा घातला आणि मला डोक्यावरून मागं टाकलं. हा डाव मी तिच्याकडून किती वेळा खाल्ला होता याची मोजदाद नाही. हनुवटी आत, पाठ खाली, संपला विषय. पण हवेत असताना माझं अंग आपसूक वळलं. जित्याची खोड. पाठ वाचली आणि सगळा भार मानेवर आला.

अंगातून वीज गेल्यासारखं झालं. थोडा वेळ हात माझे नव्हतेच. मग मुंग्या येत येत परत आले. तिथल्या एक्स-रेत हाड धड दिसलं, म्हणून विश्रांती घ्यायला सांगून मला घरी पाठवलं. एक्स-रेत हाड दिसतं, डिस्क आणि मज्जारज्जू दिसत नाही, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

गावी घरी आल्यावर आईच्या लक्षात यायला लागलं. माझ्या हातून कप सुटायचे. ब्लाउजचे हुक लागेनात. एकदा अंगणातून घरात आले तर एक चप्पल मागंच राहिली होती आणि पायाला पत्ताच नाही. धाकटे काका सोमेश्वरनगरकडच्या एका मान बसवणाऱ्याकडं न्यायला गाडी घेऊन आले. एका झटक्यात मोकळी करतो म्हणे. आई त्यांच्या गाडीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, आधी फोटो काढायचा, मग कुणाचा झटका घ्यायचा. ती आडवी आली नसती तर आज हे सांगायला मी हातात पेन धरू शकले नसते. हे वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. हाताला मुंग्या, बोटांत जोर नाही, पायातून चप्पल निसटतेय, असं काही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. भले तो किती का नावाजलेला असेना.

ऑपरेशनला एसीडीएफ म्हणतात. गळ्याच्या पुढून छोटी चीर देऊन फुटलेली डिस्क काढतात, तिच्या जागी एक बारीक पिंजरा बसवतात आणि वर धातूची पट्टी लावून दोन मणके जोडून टाकतात. मानेचं ऑपरेशन पुढून का, असं मला वाटलं होतं. पुढून मज्जारज्जूला धक्का न लावता पोचता येतं, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आले तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता आणि आवाज कोंबड्यासारखा फुटत होता. घाबरू नका, तो परत येतो. काही दिवस मऊ भात आणि शिरा, बस्स. त्याच संध्याकाळी मी अंगठा एकेका बोटाला लावून बघितला. चारही बोटं लागली. आईला दाखवलं तर तिनं पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी दारात हारुको उभी. कुणाला न सांगता विमानात बसून आली होती, पुण्याहून टॅक्सी करून. सगळा वॉर्ड बघायला गोळा झाला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ आबांपुढं जाऊन कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. जपानीत बोलत होती. आबा गोंधळून नमस्कार करत राहिले. शेवटी त्यांनी मला विचारलं, "काय म्हणती ती?"

ती म्हणत होती की टाकलं मी, तिला सांभाळून खाली आणणं माझं काम होतं, तुमच्या मुलीची मान माझ्यामुळं मोडली.

त्या क्षणी मी नुसतं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं असतं तरी भागलं असतं. आबांच्या जिवाला लागलं नसतं आणि मलाही काही बोलावं लागलं नसतं. पण जी बाई स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करून पुन्हा रिंगणात उभी राहिली होती, तिला माझ्या घरच्यांपुढं खोटा दोष घेऊन वाकलेलं मला बघवेना.

"आबा, ती म्हणती चूक तिची हाय," मी त्या फुटक्या आवाजात म्हणाले. "पण तिची न्हाय. मी हवेत वळले. तुमी बघत होता. तुमच्यापुढं पाठ टेकवंना मला."

आबांनी हारुकोला दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं, स्वतःची खुर्ची तिला दिली आणि बाहेर गेले. बऱ्याच वेळानं तिच्यासाठी चहा घेऊन आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं, हे खरं.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो. आधी गळ्यात कॉलर, मग नुसतं चालणं, मग इंदापूरला फिजिओथेरपी. कपडे वाळत घालायचे चिमटे दाबायचे, वाटीतले शेंगदाणे एकेक उचलायचे, कणीक मळायची. मी हट्टाला पेटले होते. मला बरं व्हायचंच होतं, आणि होत होते. भाकरी थापता यायला लागली तेव्हा पहिली आबांच्या ताटात टाकली. वाकडी झाली होती. त्यांनी सगळी खाल्ली.

साधारण वर्षानं सीटी स्कॅन केला. मणके पक्के जुळले होते. डॉक्टर खूश होते. म्हणाले, हळूहळू सराव सुरू करा, एका जागच्या जोडणीनंतर खेळाडू परत उतरतात. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "पण एक सांगा, पाठीवर पडाल ना? पुन्हा वळलात तर मी काही करू शकणार नाही."

मी हो म्हटलं. पण माझं अंग हो म्हणत नव्हतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी जाड गादीवर मला उकिडवं बसवून हलकंसं मागं ढकललं, की मी वळायचे. दर वेळी. डोक्याला सगळं कळत होतं, कण्याला कळत नव्हतं. तिकडं हारुकोनं कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीला माझं नाव धरून ठेवायला लावलं होतं, पण असल्या अंगानं मी रिंगणात उतरले असते तर जिवाशीच खेळ होता. पहिल्यांदाच मला वाटलं की संपलं आपलं.

हे घरी सांगितलं नव्हतं. बाईंनीच आबांना सांगितलं असावं.

त्या रविवारी आबांनी शेड उघडलं. माती खणून भुसभुशीत केली, वर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या अंथरल्या आणि मला हाक मारली. म्हणाले, मी शिकवलेलं हाय, मीच मोडतो.

मी गादीवर पाठमोरी उभी राहिले. ते मागं गुडघ्यावर बसले. मला हळूच मागं ओढलं, आणि मी वळायच्या आत त्यांचा पंजा माझ्या मानेखाली आला. मी त्या पंजावर पडले. पाठ टेकली, पण मान त्यांच्या हातात. पुन्हा तेच. दर वेळी हात मानेखाली. ज्या माणसानं मला वळले नाही म्हणून बैठका मारायला लावल्या, तोच आता मला पडू देत नव्हता. मला कळलं की ते मला धरून आहेत तोवर मी शिकणार नाही.

"आबा," मी म्हटलं, "हात काढा."

त्यांनी हात काढला आणि समोर येऊन उभे राहिले, मला सगळं दिसेल असे. मी हनुवटी छातीला लावली, नजर बेंबीवर ठेवली आणि आबांच्या डोळ्यांदेखत मागं पडले. सपशेल. दोन्ही तळहात गादीवर आपटल्याचा आवाज पत्र्यात घुमला. मान कुठंच लागली नाही. वर पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली आबांचं तोंड दिसत होतं.

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि वस्तादाच्या आवाजात म्हणाले, "परत."