लढाईला न जाणारा राजा

हे सांगायचं मी आजवर टाळलं, कारण मारणाऱ्यांत मीही होतो.

शिमग्यात आमच्या गावी सोंगं नाचवणारे नमन-खेळे आले. त्यातला एक काटकुळा, परका माणूस दुष्ट राजा झाला होता. युद्धाची हाक आली की तो कण्हायचा, "आमची कंबर धरल्ये. तू जा रे लढायला!" आणि पान चघळत बसायचा. हुबेहूब आमच्या खोताची ढब. गाव पोट धरून हसलं. खोताने फक्त आम्हा गड्यांकडे पाहिलं.

सकाळी आम्ही त्या सोंगाड्याला वाटेत गाठलं. काखेतला मुकुट त्याने वाटेकडेच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर अलगद ठेवला. "देवाचं सामान आहे, त्याला लागू नये." मग म्हणाला, "खोतानं स्वतः एक तरी टोला मारलान असता, तर माझं सोंग खोटं पडलं असतं."

त्या भेकड खोताचा आजही संताप येतो. पण काठी माझ्या हातात होती.

पुढच्या शिमग्यात तोच राजा राजापुरात दिसला. त्याचा उजवा हात वर जात नव्हता. खेळ संपल्यावर मी माफी मागायला पुढे गेलो. मला पाहताच त्याने मुकुट काढून अलगद बाजूला ठेवला आणि मुकाट उभा राहिला.

मी तसाच मागे फिरलो. माफी मागायची राहिली ती राहिलीच.