काम संपलं की कवडू रिकामा

कवडूला सरकारी कारखान्यातून सात वेळा हाकललंय, असं शेजारच्या रुआबांधा वस्तीत जो तो सांगे. अफवा. सात नव्हे, पाच वेळा. आणि हाकललं कोणीच नव्हतं. दर वेळी ठेकेदाराचं काम पूर्ण होई, आणि काम पूर्ण झालं की कवडू रिकामा. पाया खोदून झाला, घरी बस. सळाखी बांधून झाल्या, घरी बस. जो जितका झपाट्यानं काम करी तो तितका लवकर बेकार, आणि कवडूचा तर हातच मुळात चालता. जरा सुस्त राहत जा बाबू, असं त्याची वहिनी गयाबाई कळवळून सांगे.

तेविशीत पोराला पाच हुन्नर येत होते, पक्की नोकरी एकाचीही नव्हती. आणि त्याला हवी होती नलू. तिरोड्याला मंडईच्या जत्रेत पाहिली, तेव्हापासून जेवणात लक्ष नाही. नलूच्या बापाची, रामाजींची, अट एकच: जावई परमनंट पाहिजे. इंग्रजीतला तेवढाच शब्द त्यांना येई, पण तो ते मंगलाष्टकाच्या सुरात म्हणत.

एके दिवशी रामाजी स्वतःच चौकशीला येऊन धडकले. प्लांटात आहे एवढंच सांग, पुढे तोंड उघडू नको, असं गयाबाईनं दिराला बजावलं. कवडूनं मान डोलावली आणि पाहुण्यांना माळावर नेलं. तिथून अख्खा कारखाना दिसे. तुमचं खातं कोणतं, रामाजींनी विचारलं. शहाण्यानं एका शेडकडे बोट करून गप्प बसावं की नाही? पण कवडूला आपल्या कामाचं भारी कौतुक. चिमणी दाखवली, तिचा पाया त्याचा. शेड दाखवली, तिचे बोल्ट त्याचे. भट्टी दाखवली, तिच्या पोटातल्या विटा त्याच्या. पाण्याची टाकीही जवळपास त्याचीच निघाली. मग सरकारचं इथं काय आहे, असा प्रश्न रामाजींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसू लागला.

घरी परतल्यावर चहा पिता पिता त्यांनी खोदून खोदून विचारलं. गयाबाईच्या घराचे कूड इतके पातळ की शेजाऱ्यांना कान लावायचीही तसदी पडली नाही. खोटं बोलायचा सराव नसल्यानं कवडूनं पाचही ठेकेदार ओळीनं सांगून टाकले. सध्या कुठं? सध्या कुठंच नाही. भट्टी परवाच पुरी झाली. गयाबाईनं कपाळावर हात मारला. रामाजींनी बशी खाली ठेवून धोतराचा सोगा सावरला. ते उठले की नलू गेली, हे कवडूला कळत होतं.

"अडीच वर्षांत पाच ठिकानं," रामाजी म्हणाले. "एका बी जागी जो टिकला नाही, तो माह्या पोरीजवळ कसा टिकन?"

सोयरीक ठरायच्या आधीच कवडू त्यांना मामाजी म्हणू लागला होता. आताही म्हणाला.

"मामाजी, म्या काम कधीच सोडलं नाही. कामच पुरं झालं, म्हनून मले घरी बसवलं. संसार कोनाचा पुरा झाला आजवर, तुमीच सांगा."