एकेचाळीस नंबरची हजेरी

आमच्या कॉलेजातली आगीची कवायत माझ्या गळ्यात पडली ती माझ्या तोंडामुळे. स्टाफ मीटिंगमध्ये सगळे माना डोलवत असताना मी बोलून गेले, की मागच्या जिन्याच्या दाराला बारा महिने कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते देवालाच ठाऊक. प्राचार्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग मॅडम, सुरक्षा समिती तुम्हीच घ्या." शेजारच्या मॅडमनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर उशीर झाला होता.

आमचं कॉलेज इच्छापोरच्या अलीकडे. आमच्या मुलांचे निम्मे बाप आणि काका हजीऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत नाहीतर इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये कामाला. तिथे भोंगा वाजला की कुठे जाऊन उभं राहायचं ते प्रत्येकाला पाठ असतं. आणि त्यांचीच मुलं आमच्याकडे ज्या वर्गात बसतात, तिथल्या आग विझवायच्या लाल बाटलीला कुणीतरी दिवाळीत तोरण बांधलेलं, ते संक्रांतीपर्यंत तसंच. मला या गोष्टीचा संताप यायचा. महिनाभरात मी कुलूप काढवलं, बाटल्या भरून घेतल्या, मैदानात जमायच्या जागेचा बोर्ड लावला आणि शिपायापासून लायब्रेरियनपर्यंत सगळ्यांना पुरेसं छळलं.

माझी सगळ्यात लाडकी कल्पना होती रजिस्टरची. बेल झाली की प्रत्येक शिक्षकाने हजेरीचं रजिस्टर घेऊन खाली यायचं आणि मैदानात नंबर पुकारायचे. जो 'हजर' म्हणणार नाही, तो आत अडकलेला. इतकं सोपं.

पहिल्या कवायतीला फायर ब्रिगेडचे एक साहेब आले होते. मुलं हसत-खिदळत का होईना, पण मागच्या जिन्याने उतरली. मी माझ्या वर्गाचे नंबर पुकारले. भराभर उत्तरं आली, एकही खाडा नाही. साहेबांनी मान हलवली, प्राचार्य खूश झाले, चहा आला. आणि चहाचा कप माझ्या ओठाला लागतोय तोच इमारतीच्या पुढच्या दारातून एक मुलगी डोळे चोळत बाहेर आली. खांद्याला बॅग, गालावर वहीच्या स्पायरलचे वळ. एवढी गर्दी पाहून तिने विचारलं, "आज सुट्टी दिली का?"

ती माझ्याच वर्गातली, एकेचाळीस नंबर. दुसऱ्या मजल्यावरच्या रीडिंग रूममध्ये टेबलावर डोकं टेकून झोपली होती. दार बंद, पंखे चालू, बेल तिथवर पोचलीच नव्हती. सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. "बेन, तमारुं पत्रक तो फुल हतुं ने?"

हो, माझं पत्रक पूर्ण भरलेलं होतं. कारण एकेचाळीसला कुणीतरी 'हजर' म्हटलं होतं.

प्रॉक्सी कोणत्या कॉलेजात नसते? पण मैदानात, आग लागली असं समजून उभं असतानाही ती लागावी? मी दुसऱ्या दिवशी वर्गात तोफा डागल्या. कुणी दिली, उभं राहा, नाहीतर सगळ्यांची हजेरी कापते. कुणी हललं नाही. मला मात्र ठाऊक होतं. तिसऱ्या बाकावरची ती सडपातळ मुलगी, वडील अकोल्याकडून येऊन इथे बांधकामावर सुपरवायझर झालेले. तिचा आवाज थोडा घोगरा आहे. वर्षभर ती सकाळच्या साडेसातच्या तासाला स्वतःचा नंबर एका आवाजात आणि मैत्रिणीचा दुसऱ्या आवाजात देत होती, आणि वर्षभर मी मान वर न करता खूण करत होते. मैदानातही मी तो आवाज ओळखला होता. ओळखूनही माझा हात सवयीने चालला. ही गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. आज सांगतानाही लाज वाटते.

एकेचाळीस नंबर तासानंतर आपणहून आली. आमचं घर धुळ्याकडचं, तिचंही, त्यामुळे एकटी असली की ती माझ्याशी घरचं बोलायची. "मन्ही माय घरमा एकली शे, मॅडम." मायला कामात हिच्याशिवाय दुसरा हात नाही; मायलेकी मिळून साड्यांना स्टोन चिकटवतात. सकाळी आठला व्यापाऱ्याचा माणूस तयार साड्या न्यायला येतो, तोवर ही पहाटेपासून खाली मान घालून बसलेली. मग बस पकडून ही येते, तोपर्यंत माझा तास संपलेला असतो. पुढच्या तासापर्यंत ती वर जाऊन झोपते. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षा हुकली तर वडील म्हणणार, झालं तेवढं कॉलेज पुरे.

म्हणजे खरी हजेरी लावली तर मुलीचं शिक्षण जाणार, आणि खोटी लावली तर एखाद्या दिवशी मुलगीच जाणार. त्या संध्याकाळी मी घरी स्वयंपाक करताना दोनदा फोडणी जाळली.

शेवटी मी प्राचार्यांकडे गेले. जूनपासूनच्या पुढच्या सत्रात तिला दुपारच्या तुकडीत घ्या म्हटलं, त्याला ते तयार झाले; तोवर तिची सकाळ तशीच चालू राहणार होती. दुसरी मागणी ऐकून मात्र ते खुर्चीतून उठलेच. मी म्हटलं होतं, मैदानातली मोजणी आणि वर्गातली हजेरी यांचा संबंध तोडायचा. रजिस्टर खाली आणायचंच नाही. प्रत्येकाने आपल्या बाकावरचं कोण दिसत नाही, तेवढं सांगायचं. आणि तिथे खरं बोलल्याबद्दल कुणालाही शिक्षा नाही.

"म्हणजे लबाडीला आपण परवाना द्यायचा?"

"लबाडी वर्गात पकडू की, सर. माझ्या तासाला मीही पकडीन. पण खाली खरं बोलायला मुलांना भीती वाटता कामा नये."

त्यांनी 'बघा काय ते' म्हटलं. आमच्या कॉलेजात यालाच होकार म्हणतात. रीडिंग रूमबाहेर नवा भोंगाही बसवला. मी वर्गात जाऊन शब्द दिला. मुलांनी माना हलवल्या. आणि दुसऱ्या कवायतीला मी विचारलं, कोण नाही, तर सगळ्या तोंडांतून एकच उत्तर आलं, "सगळे आहेत, मॅडम!" मी मोजले तर साठातले पन्नासही भरले नाहीत. माझ्या शब्दावर कुणाचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचं तरी काय चुकलं? शिक्षकांच्या शब्दांचा त्यांना आमच्यापेक्षा जास्त अनुभव.

मग मार्चमध्ये खरंच धूर झाला. पहिला तास नुकताच संपला होता. पुढच्या जिन्याखालची मीटरची खोली पेटली, लाईट गेले आणि काळा धूर जिन्यातून वर चढू लागला. शिपायाने हाताने घंटा बडवली. मुलं मागच्या जिन्याने उतरली, या वेळी कुणी हसत नव्हतं. मैदानात येता येता माझ्या लक्षात आलं, की नवा भोंगा विजेवर चालतो आणि वीज तर गेली आहे.

फायर ब्रिगेडची गाडी फाटकातून आत शिरत होती. मी ओरडले, "कोण दिसत नाही?"

माझ्याशेजारी प्राचार्य उभे होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे. घोगऱ्या आवाजाची मुलगी ओढणीचं टोक मुठीत आवळून उभी होती. तिने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एकेचाळीस आज आली की नाही, ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

"मॅडम, ती वर आहे." तिचा आवाज फुटला. "सकाळी तिचा नंबर म्याच देला होता. ती आत्ता आली, मेसेज आला तिचा. रीडिंग रूममध्ये, खिडकीकडच्या टेबलावर. सर, मला काय करायचं ते करा, पण ती वर आहे!"

मी धावत सुटले होते. गाडीतून उतरलेल्या, पहिल्या कवायतीच्याच साहेबांनी दंड धरून मला मागे ओढलं. जागा नेमकी विचारली, दुसरा मजला, डावीकडे, खिडकीकडचं टेबल, आणि त्यांची दोन माणसं तोंडाला मास्क लावून मागच्या जिन्याने वर गेली. शोधत फिरावं लागलं नाही त्यांना. तरी तेवढा वेळ मला संपता संपेना. मी घोगऱ्या आवाजाच्या मुलीचा हात धरला होता. कोण कुणाला धरून उभं होतं ते सांगता येणार नाही.

मग ते तिला घेऊन आले. आपल्या पायांनी चालत, खोकत, नाक काळं, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मास्क काढून त्यातल्या एकाने सांगितलं, दाराच्या फटीतून धूर आत यायला लागला होता, आणि ही गाढ झोपेत.

प्राचार्य पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, आता दोघींची चंपी होणार. त्यांनी स्वतःच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून ती तिच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हिची आजची हजेरी लावून टाका."

"ती सकाळीच लागली आहे, सर," मी म्हटलं.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसू लागले, आणि माझा हात सोडून ती घोगऱ्या आवाजाची मुलगी मैत्रिणीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडू लागली. मी मोजणीचा कागद पुन्हा हातात घेतला. "अजून कोण नाही?" मी विचारलं, आणि या वेळी मागच्या रांगेतून एकामागून एक हात वर होऊ लागले. हा आज आलाच नाही, मॅडम. ती घरी आहे, फोन करून विचारलं मी. मी एकेक नाव लिहून घेत गेले.