पोटात काहीच नव्हतं

हे मी आजवर कोणापुढंच बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, बहिणीपुढं नाही, देवापुढंसुद्धा नाही — औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात खाली उतरते, डोकं टेकते आणि भलतंच काहीतरी मागून वर येते. मग तुमच्यापुढं काहून बोलते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. पण एक आधीच सांगते, रडणं ऐकायला बसला असाल तर उठा. मला रडू येत नाही. राग येतो. भांडी घासताना येतो, रस्त्यानं चालताना येतो, कोणी ‘ताई, तुमी किती करता लोकायसाठी’ म्हणालं की त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

लोकांसाठी करते, हे खरं आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मी आशाचं काम करते. बाया बाळंतपणाला न्यायच्या, लेकरांच्या लसी बघायच्या, कोणाला ताप आला, कोणाच्या अंगावरून जातंय, ते बघायचं. गावातल्या बायांचं दुखणं त्यांच्या नवऱ्यांच्या आधी मला कळतं. हे ध्यानात ठेवा. ‘मला काय माहीत’ असं म्हणायची सोय मला नाही.

शीतल माझी एकुलती लेक. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होती, जीपनं सेनगावला जाऊन-येऊन करायची. काटक पोरगी. सोयाबीन सोंगायला उतरली की तिची पात सगळ्या बायांच्या पुढं. त्या पोरीचं पोट दुखायला लागलं. उजव्या बाजूला, खाली. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर आडवी व्हायची, कपाळावर घाम, मग उलटी, मग तासभर पांढरीफटक पडून राहायची.

कधीपासून? विचारणाऱ्याला मी सांगत आले — बाजारात पाणीपुरी खाल्ली तेव्हापासून. खोटं. माझा थोरला भाऊ औंढ्याहून आला, आपल्या पोरासाठी, किरणसाठी, शीतलला मागणी घातली, आणि मी चहा गाळता गाळता ‘हो’ म्हणाले — तेव्हापासून. ती मागं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मला आवाज थांबलेला ऐकू आला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही.

आणि तिनं मला आधी सांगितलेलं होतं. हो, सांगितलेलं होतं! त्याच वर्षी उन्हाळ्यात मामाकडं राहून आली, तेव्हा तुरीची डाळ पाखडत बसले होते मी, आणि ती शेजारी येऊन बसली.

“आई, किरण मामीला मारतो.”

“कोण म्हणलं?”

“म्या पाह्यलं ना. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं मामीला असं ढकललं, मामी दारावर जाऊन आदळली. आपल्या सोताच्या मायला, आई. अन् मामा जेवत राह्यले.”

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, गडीमाणसाला राग येतो कधी कधी. आणि सूप झाडलं. माझ्या भावजयीच्या गालावरचा काळानिळा डाग मी त्याआधी दोनदा पाहिला होता, आणि ‘पाय घसरला’ हे तिचं उत्तर मी दोनदा निमूट घेतलं होतं. म्हणजे शीतलनं सांगितलं ते मला नवं नव्हतंच.

मग हो का म्हणाले? भाऊ होता. माहेरचं दार उघडं राहावं असं वाटत होतं. भावाच्या घरात लेक दिली की माझा तिथं पाय घट्ट होणार होता. बस, एवढंच. याच्याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

दुखणं वाढलं तसं घरात बोलणी सुरू झाली. तिचे बाबा घाबरले. चुलती म्हणाली, नाटक आहे, लग्नाचं ऐकलं की पोटात दुखतं बघा. मी तिच्यावर डाफरले. लेकीसाठी नाही हं — चुलती खरं बोलली म्हणून. शेवटी मी शीतलला हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त झालं, लघवी झाली, सोनोग्राफी झाली. तरुण डॉक्टर होता. त्यानं शीतलला बाहेर बसवलं आणि मला म्हणाला,

“ताई, पोटात काहीच नाही. पण ती खोटं बोलत नाहीये. दुखणं खरं आहे. कसला तरी ताण तिला सोसवत नाहीये, तो पोटातून बाहेर पडतोय. असं होतं. आपल्याकडं मनाचे डॉक्टर बसतात, त्यांना दाखवू. घरात काही झालंय का? लग्नबिग्न ठरवलंय का तिच्या मर्जीबाहेर?”

किती सरळ विचारलं त्यानं. पोरीनं महिनोन् महिने जमिनीवर लोळून जे सांगितलं, ते त्यानं एका वाक्यात माझ्यापुढं ठेवलं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “न्हाई डॉक्टर. तसलं काही न्हाई.”

बाहेर बाकड्यावर ती बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“काय म्हणले, आई?”

आता ऐका. कोणापुढं बोलले नाही ते हे.

मी म्हणाले, “अपेंडिक्स आहे. काढावं लागतं म्हणले.”

कोणी माझ्या तोंडात घातला नव्हता तो शब्द. माझा मीच उचलला. आणि तिचं तोंड — तिचं तोंड उजळलं हो! “म्हंजे मला खरंच काहीतरी झालंय?” असं म्हणाली. नाटक नाही, खोड नाही, वेड नाही. तिला एवढा आनंद झाला की तिनं माझा हात धरला. मी तो धरू दिला.

मनाच्या डॉक्टरकडं नेली असती तर गावभर झालं असतं की पोरगी वेडी आहे. सोयरीक मोडली असती. आणि त्याहून वाईट — तिथं कोणीतरी तिला विचारलं असतं, आणि तिनं सांगितलं असतं. अपेंडिक्स सोपं. अपेंडिक्सला कोणी नावं ठेवत नाही.

कुठला डॉक्टर लगेच कापतो, हे माझ्यासारखीला माहीत असतं. गाव सांगत नाही, नावही नाही. शीतलला बाहेर बसवून त्याच्यापुढं मीच बोलले. दुखणं आधी बेंबीपाशी सुरू झालं, मग उजवीकडं सरकलं, चालताना दणका बसतो, ताप येऊन गेला. ताप कधीच आला नव्हता. कशाला काय म्हणतात ते मी कामावर शिकले होते, ते माझ्या लेकीच्या अंगावर वापरलं. सोनोग्राफीचं त्यानं विचारलं तर मी म्हणाले, केली नाही. त्यानं तिला आत बोलावून पोट दाबलं, ती ओरडली. झालं. तिच्या बाबांनी बिनवाचता सही केली. म्हणाले, “तुला दवाखान्यातलं कळतं.”

त्या डॉक्टरचाही राग येतो मला. थोडी सूज होती म्हणाला नंतर. असेल, नसेल. पण सुरी त्याच्या हातात मी दिली होती, हे मला विसरता येत नाही. धडधाकट पोट होतं. टाके पडले. भाऊ सफरचंदं घेऊन बघायला आला आणि म्हणाला, “बरं झालं, लग्नाच्या आधी निस्तरलं.”

लग्न झालं. पोट तिथंही दुखायला लागलं — दुखणारच होतं. आता काढायला काही उरलं नव्हतं. किरण नाटक म्हणायचा. भावाचा फोन यायचा, बिघडलेली पोरगी गळ्यात बांधली म्हणून. मी ऐकून घ्यायची, आणि फोन ठेवला की शीतललाच फोन करून दटावायची, जरा सोसत जा. होय, तेही केलं.

एके दिवशी दुपारी भावजय दारात उभी. शीतलला खांद्याला धरून एसटीतून आणलं होतं तिनं. शीतलला ताठ उभं राहता येत नव्हतं. टाके होते त्याच बाजूला किरणनं लाथ घातली होती. ती आत जाऊन पडली. मी भावजयीला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

“वन्सं, मी तिथं राह्यले, माझं होऊन गेलं,” ती म्हणाली. “हिला आता परत धाडू नका. धाडली तर मी सोता पोलिसात जाते, पोटचं लेकरू असलं तरी.”

उलट पावली स्टँडकडं गेली. ज्या बाईसाठी मी कधी एक शब्द काढला नव्हता, ती माझ्या लेकीला घेऊन आली. मला तेव्हा काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली आधी. राग आला — ही कोण मला सांगणार? इतकी मी वाईट आहे.

सोडचिठ्ठी झाली. भाऊ बोलत नाही, माहेरचं दार बंद. शीतल हिंगोलीला खोली करून राहते, कॉम्प्युटरच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरून देते. पोट हळूहळू थांबलं. कोणत्याच औषधानं नाही, आपोआप. ती म्हणते, ऑपरेशनचा गुण उशिरा आला.

काहीच माहीत नाही तिला. आपलं शरीर मुळातच खराब निघालं, असं ती धरून चालते. पुन्हा लग्नाचं कोणी काढलं तर म्हणते, कोणाच्या जिवाला घोर कशाला, माझं पोट असं. आणि मी? आशांच्या प्रशिक्षणात मनाच्या आजारांवर बोलतात, तेव्हा पुढच्या रांगेत बसून मान हलवते. बायांना समजावते, रिपोर्ट चांगले आले म्हणजे बाई खोटी नसते, तिला विचारा. फार चांगलं समजावते.

मागच्या नागपंचमीला ती घरी आली होती. पुरणाच्या दिंडांना वाफ बसत होती, आम्ही दोघीच होतो. ती एकदम म्हणाली, “आई, माझ्या दुखण्यापायी तुला लय तरास झाला. तुझा भाऊ तुटला. माझं चुकलं असंल तर माफ कर.”

सांगायची जागा तीच होती. घरात कोणी नव्हतं, ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हणाले, “जाऊ दे, बाई. केलं माफ.”