आबांच्या ओवीसाठी घेतलेला डॅक

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या माणसाचा मुलगा कराडला येऊन इंजिनीअर झाला, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो. त्यामुळं घरात कुठलंही यंत्र आलं की ते मला कळलंच पाहिजे, असा माझा हट्ट असतो.

माझे वडील, आबा, गेल्या साली गेले. ते आयुष्यभर ओव्या गायले, पण त्यांचा आवाज माझ्याकडं एकाच फाइलमध्ये आहे. आजारपणात ते आमच्या फ्लॅटवर होते, तेव्हा एका दुपारी मी मोबाइलवर भरून घेतलेली सतरा मिनिटं. ते गेल्यावर ती लावायचा धीर होईना. शेवटी ठरवलं, ऐकायचीच तर मोबाइलच्या पत्र्यासारख्या आवाजात नको. कॉलेजात घेतलेले स्पीकर होते. लॅपटॉप आणि स्पीकरच्या मध्ये एक डॅक बसवू. डॅक म्हणजे एक लहानशी डबी. फाइलमधल्या आकड्यांचा ती आवाज करते, आणि बरी असली तर लॅपटॉपची खरखर मध्ये येत नाही.

पंधरा दिवस इंटरनेटवर वाचत होतो. बांधावरून भावकी भांडावी तशी माणसं या डब्यांवरून भांडतात. शेवटी सांगलीच्या एका दुकानातून सगळ्यांत स्वस्तातली, वायरीला लोंबणारी घेतली.

घरी येऊन जोडली आणि आबा बोलायला लागले. घशातली खर, ओळ संपवतानाचा तो हेल, सगळं जवळ आलं. पण ओळ संपली की आवाज बंद. ठार बंद. चार-पाच सेकंदांनी पुढची ओळ, की परत बंद. मी वाचलेलं होतंच, काही स्वस्त डॅक आवाज थांबला की झोपतात आणि जागे होईपर्यंत पुढचं गिळतात. म्हटलं, ही डबी माझ्या बापाचं गाणं खातेय.

दुसऱ्या दिवशी परत सांगली.

"दुसरं गाणं लावून बघितलं का साहेब?" दुकानदारानं विचारलं.

"बघितलं. ते नीट वाजतंय."

"मग डबीत दोष कसा?"

"आवं, मी इंजिनीअर हाय. मला शिकवू नका."

"शिकवायला मी कोण? ही टेबलावरची मोठी न्या. पर हिच्यात बी आवाज तुटला, तर डबी न्हाई, डिगरी माघारी आणा."

मोठी डबी चौपट किमतीची. आबा आणखी स्वच्छ ऐकू आले, आणि ओळीनंतरचा तो खड्डाही. मी वायरी उपसत बसलो होतो, तेवढ्यात आई आतून आली. तिनं हे रेकॉर्डिंग पहिल्यांदाच ऐकलं. दोन ओळी उभ्यानं ऐकल्या आणि खाली बसली.

"बंद करतो आई. यंत्र मधलंच खातंय."

"काय खात न्हाई. त्ये थांबल्यात."

"दम लागला असंल."

"दम कसला! झील कुणी वढायची? तुझा चुलता असता तर त्यानं वढली असती. त्यो कवाच गेला. मग खोलीत कोण हुतं?"

"मीच."

"मग तुझ्यासाठी थांबल्यात."

आमची धनगरी ओवी एकट्यानं गायची नसते. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी तिचं शेपूट उचलून लांबवायचं. ती झील. लहानपणी मी ती शंभरदा ऐकलेली. पण आठवीला वसतिगृहात गेलो आणि परत कधी त्या माणसांत बसलो नाही. अभ्यास आहे म्हणायचो. खरं म्हणजे पुढं पुढं लाजच वाटायला लागली होती.

त्या खड्ड्यात पंखा, रस्ता, काहीच ऐकू येत नव्हतं, कारण माणूस गप्प झाला की मोबाइल मागचे आवाज आपोआप दाबतो. एवढं तरी मला कळायला हवं होतं.

मग ती दुपार आठवली. आबा ओळ टाकायचे, थांबायचे, भुवया उचलून माझ्याकडं बघायचे. मला वाटलं, रेकॉर्डिंग चालू आहे का विचारतायत. मी दर वेळी अंगठा वर करून दाखवत होतो. ते थोडं बघायचे आणि आपले आपणच पुढची ओळ घ्यायचे. सतरा मिनिटं.

"आता तरी म्हण की," आई म्हणाली.

मी फाइल पहिल्यापासून लावली. ओळ आली, थांबली. मी शेवटचे दोन शब्द धरले, पण ते किती ओढायचे आणि कुठं सोडायचे, कळेना. माझं संपायच्या आत आबांनी दुसरी ओळ टाकली आणि ती माझ्याच आवाजाखाली गेली. मी फाइल थांबवली.

आईनं पदरानं डोळे पुसले.

"परत लाव," ती म्हणाली.